ओवी नावाची मुलगी : व्यक्तिनामांच्या अभ्यासाची प्रस्तावना

विरार स्टेशनच्या पूर्वेकडून चंदनसारच्या दिशेने जाणाऱ्या रिक्षांच्या मागच्या काचा वाचत गेले, तर थोड्या वेळात एका पिढीची नामावली हाती लागते. वर कुलदैवताचे किंवा जीवदानी आईचे नाव, खाली घरातल्या मुलांची नावे: आरव, ओवी, स्वरा, विहान, शिवांश. त्याच रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांवर त्याआधीची पिढी भेटते: पूजा, स्नेहल, अक्षय, प्रियांका. आणि सोसायटीच्या जिन्यापाशी लावलेल्या सभासदांच्या फलकावर त्याहून आधीचे सुनील, प्रकाश, विजय, सुरेखा, मंगला. नावांपुढे जन्मसाल लिहिलेले नसते, तरी वाचणाऱ्याला ते साधारण कळते. कसे कळते, आणि त्या कळण्याला शिस्त लावली तर त्यातून काय काय उलगडते, हा व्यक्तिनामांच्या अभ्यासाचा विषय आहे.

या अभ्यासाकडे नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना. इथे येण्यासाठी संस्कृतची पदवी लागत नाही. संगणक येत असेल तर चांगलेच, नसेल तरी अडत नाही. आपल्या घरातल्या चार पिढ्यांची नावे कागदावर उतरवायला बसले की पुरे. पुरुषांची नावे भराभर लिहून होतात. आजीच्या आईचे नाव लिहिताना बहुतेकांचा हात थांबतो. अभ्यास तिथेच सुरू होतो.

पुष्कळ जण या विषयाकडे एकच प्रश्न घेऊन येतात: अमुक नावाचा अर्थ काय? प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर एका जागी मिळत नाही. 'आरव' घ्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे नाव मराठी, गुजराती, हिंदी बोलणाऱ्या घरांत सारखेच आवडते झाले. बाळांच्या नावांच्या पुस्तिका आणि मोबाइलवरच्या याद्या त्याचा अर्थ 'शांत' असा देतात. संस्कृतात मात्र 'रु' हा आवाज करण्याचा धातू; त्याला 'आ' उपसर्ग लागून आरव म्हणजे ध्वनी, आरोळी, गलबला. वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालचा कोश उघडून हे कुणालाही पडताळता येईल. मग आईवडील चुकले का? माझ्या मते मुळीच नाही. पाळण्यात नाव घालताना त्यांनी जो अर्थ मनाशी धरला, तो त्या नावाच्या इतिहासाचा खराखुरा भाग आहे. अभ्यासकाने कोश काय म्हणतो तेही लिहावे आणि घर काय म्हणते तेही, आणि त्या दोहोंमध्ये अंतर केव्हा पडले याचा शोध घ्यावा. 'विहान'ची गोष्ट निराळी. कोशांत त्याचा अर्थ पहाट असा मिळतो आणि उत्तरेच्या बोलींत 'बिहान' हा सकाळसाठी रोजच्या वापरातला शब्द आहे. चंदनसारच्या एखाद्या इमारतीत पूर्वांचलातून आलेल्या आजीला तो घरचा शब्द वाटेल, रत्नागिरीहून आलेल्या आजीला तो नवीन असेल, आणि दोघींच्या नातवांचे नाव एकच असेल. 'शिवांश' हा सरळ समास आहे. 'रेयांश'मध्ये उत्तरपद ओळखीचे, पण पूर्वपदाला संस्कृतात आधार नाही. असे नाव आधी कानाने घडवले जाते आणि अर्थ मागाहून येतो. नाव घडण्याची हीही एक रीत आहे, आणि ती कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

'ओवी'पाशी मात्र जास्त वेळ थांबले पाहिजे, कारण हे नाव पूर्णपणे मराठी आहे आणि तरीही मराठी माणसाने ते मुलीला देण्यासाठी शेकडो वर्षे घेतली.

शब्द जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती ओवीत. पुढे एकनाथांचे भागवत, रामदासांचा दासबोध याच छंदात आले. शब्दाचा उगम सहसा 'ओवणे' या क्रियापदाकडे नेला जातो. पण ग्रंथातल्या ओवीइतकीच, किंबहुना तिच्याहून विस्तृत, ती जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने लोकांसमोर आणला. त्यात भाऊ आहे, लेक आहे, पंढरीचा विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, सासरचा जाच आहे. या ओव्या गाणाऱ्या बायकांची स्वतःची नावे पाहावीत: गंगूबाई, सोनाबाई, राधाबाई, पार्वती, कोंडाबाई. त्यांच्यात ओवी नावाची कुणी सहसा भेटत नाही. ते नाव त्यांनी लेकी-नातींना ठेवल्याचेही दिसत नाही.

का ठेवले नाही? माझे उत्तर असे: ज्या घरात पहाटे उठून पायली-दोन पायली दळायचे असते, तिथे ओवी हा शब्द कष्टापासून सुटा होऊच शकत नाही. पिठाची गिरणी आली, जाते आधी ओट्याखाली आणि मग माळ्यावर गेले, गावचे घर मागे सोडून माणसे विरारच्या दीड खोल्यांत आली, तेव्हा ओवीला चिकटलेली झोपमोड आणि हाताचे घट्टे गळून पडले आणि उरला गोड, लहानसा, आजीची आठवण असलेला शब्द. वस्तू रोजच्या वापरातून गेली की तिचे नाव माणसाला देता येते. एकट्या ओवीचीच ही कथा नाही. शिकलेल्या मराठी घरांत साहित्यातले शब्द मुलींना देण्याची एक ओळच लागलेली दिसते: आधी कविता, मग श्रुती आणि ऋचा, आणि अलीकडे गाथा आणि ओवी. सुरुवात सर्वांना कळणाऱ्या शब्दापासून झाली, मग वेदाकडे वळण घेतले आणि शेवटी संतांच्या आणि बायकांच्या मराठीकडे परतणे झाले. त्या-त्या दशकातल्या शिकलेल्या आईबापांना आपले मोठेपण कशात दिसत होते, याचा हा विश्वासार्ह पुरावा आहे.

नाव आवडण्यामागे आणखी कारणे असतात, आणि ती घरातले कुणी बोलून दाखवत नाही. ओवी दोन अक्षरी आहे. तिच्यात जोडाक्षर नाही, ळ नाही, ण नाही, ज्ञ नाही. रोमन लिपीत ती तीन अक्षरांत मावते आणि कुठल्याही देशातल्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी नीट उच्चारता येते. 'प्रज्ञा' लिहिताना मराठी माणूस रोमनमध्ये 'डी-एन-वाय' घालतो, हिंदी भाषक 'जी-वाय' घालतो; 'ऋतुजा'चा ऋ आपण 'रु' म्हणतो, उत्तरेत 'रि' म्हणतात. अशा नावांचे शुद्धलेखन शाळेच्या दाखल्यापासून पारपत्रापर्यंत निस्तरत बसावे लागते. ज्या पालकांनी स्वतःच्या नावासाठी हा त्रास काढला, ते मुलांसाठी गुळगुळीत अक्षरे निवडतात. गोपाळ, कमळ, मृणाल, ज्ञानदा ही नावे मागे पडण्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते.

दुसरे कारण पत्रिकेतले. नक्षत्रे सत्तावीस, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून आद्याक्षरे १०८. हे अवकहडा चक्र पंचांगात छापलेले असते. त्यावरून येते ते नावरस नाव. पूर्वी नावरस नाव पत्रिकेत राहायचे आणि हाक मारायला वेगळे नाव असायचे. आता पुष्कळ घरांत दोन्ही एकच ठेवण्याचा आग्रह दिसतो, आणि मग अवघड अक्षरांवर शोधाशोध सुरू होते. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. हस्ताला पू, ष, ण, ठ. ज्या बाळाचे अक्षर 'ण' आले त्याच्या आईवडिलांनी काय करावे? रोहिणीची अक्षरे ओ, वा, वी, वू. 'ओ'वरून मुलाला ओंकार, ओम, ओजस अशी नावे होती. मुलीसाठी मात्र फार थोडी. ओवी तिथे अगदी नेमकी बसते, आणि तिच्यातली दोन्ही अक्षरे रोहिणीचीच आहेत.

नक्षत्रावरून नाव ठेवणे किती जुने आहे, याचा पुरावा चंदनसारपासून एका स्टेशनावर असलेल्या सोपाऱ्याशी जोडलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका स्तंभावर ब्राह्मी लेख आहे. दान देणारा सोपाऱ्याचा भाणक, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचे पठण करणारा, नाव सातिमित, म्हणजे संस्कृतात स्वातिमित्र. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या परिसरातल्या माणसाचे नाव, आणि त्यात स्वाती नक्षत्र. आजच्या स्वाती नावाच्या बाईला हे सांगून पाहावे. तिच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी हा विषय शिकवावा असे वाटते.

नियम करणारे आणि नाव ठेवणारे यांच्यातली ओढाताणही तितकीच जुनी. गृह्यसूत्रांनी मुलाच्या नावात सम आणि मुलीच्या नावात विषम अक्षरे सांगितली. पतंजलीच्या महाभाष्यात पहिल्याच आह्निकात बाळाच्या नावाचा विचार येतो: पहिले अक्षर घोष असावे, नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, वाडवडिलांच्या नावाला धरून असावे. व्याकरण का शिकायचे, तर मुलाचे नाव नीट ठेवता यावे म्हणून, हे त्याने दिलेल्या अनेक कारणांपैकी एक. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांवरून नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असे सांगितले आहे. आणि महाराष्ट्राने काय केले? गोदावरी, कृष्णा, यमुना, नर्मदा, भागीरथी, तापी ही नावे शास्त्र वाचणाऱ्या घरांतच भरभरून ठेवली. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना. धर्मग्रंथात काय लिहिले आहे त्यावरून समाज काय करत होता हे ठरवू नये. त्यासाठी नावांच्या याद्या वाचाव्यात.

जुनी नावे घरातूनच येत, हे आजच्या वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. शहाजी, शिवाजी, संभाजी. संभाजी महाराजांच्या मुलाचे नाव पुन्हा शिवाजी, ज्याला पुढे शाहू म्हटले गेले. राजाराम महाराजांचे मुलगेही शिवाजी आणि संभाजी. पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी. आजोबा नातवात परत येत. नाव ठेवणे म्हणजे निवड नव्हती, रिकाम्या झालेल्या जागी माणूस बसवणे होते. आज चंदनसारमधल्या आत्याला बारशाच्या आधी भावाकडून पाच-सहा नावांची यादी मोबाइलवर येते, त्यावर घरात मते घेतली जातात, आणि एक अट बहुधा असते की हे नाव आपल्याकडे आधी कुणाचे नसावे. पाळण्यापाशी आत्या गोविंद-गोपाळ म्हणत बाळाच्या कानात कुर्र करते, घुगऱ्या वाटल्या जातात, विधी तसाच आहे. नाव येण्याची दिशा तेवढी पालटली. मराठी व्यक्तिनामांच्या इतिहासातली सर्वांत मोठी घडामोड कोणती असे कुणी विचारले तर मी हीच सांगेन.

पण निवड सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही, आणि हा भाग घाईने उरकण्यासारखा नाही. मुले जगत नसत त्या घरांत सटवीची दृष्ट चुकवण्यासाठी धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवत. त्यांत माया होती. 'नकोशी' या नावात माया नव्हती. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून दिलेले हे नाव शाळेच्या हजेरीत रोज पुकारले जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. आकडा लक्षात ठेवावा, कारण तो एकाच जिल्ह्याचा आहे.

जातीचा पट्टाही नावावरून ओढलेला दिसतो. खालच्या मानलेल्या जातींतल्या प्रौढ माणसांची नावे जुन्या दप्तरांत 'या'कारान्त, एकेरी लिहिलेली आढळतात. त्याच पानावर दुसऱ्याच्या नावाला पंत आणि राव लागलेले असतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले ते 'भिवा' असे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर नागपूरपासून वसईपर्यंतच्या वस्त्यांत मुलांची नावे बदलली: गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा, प्रबुद्ध, मिलिंद. एका पिढीने जाणीवपूर्वक केलेला हा नामपालट जगाच्या नामाभ्यासात मानाने शिकवला जायला हवा. त्यातला 'मिलिंद' तर थक्क करणारा. मिनँडर हा ग्रीक राजा, पालीत तो मिलिंद झाला, नागसेन भिक्खूशी त्याने केलेल्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ झाला, १९५० साली औरंगाबादेत त्याच्या नावाने महाविद्यालय उभे राहिले, आणि तिथून तो मराठी घरांत आला. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. इतर अनेक घरांनी त्या अर्थाने हेच नाव ठेवले. दोन वाटांनी आलेले एकच नाव दोन शेजाऱ्यांच्या दारावर असू शकते. अर्थ विचारायचा तर दार वाजवूनच विचारावा लागतो.

वसई-विरारचा परिसर या अभ्यासासाठी विशेष अनुकूल आहे. इथे पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. त्यानंतरही राहिलेल्या ख्रिस्ती समाजात डिमेलो, परेरा, डाबरे, तुस्कानो, लोपीस ही आडनावे आहेत. घरात सामवेदी किंवा वाडवळी वळणाची मराठी आहे. या आडनावांच्या आधी आज संतांची नावे जशी भेटतात तशी मराठी-संस्कृत नावेही भेटतात. यामागे चर्चच्या कायद्यातला बदलही आहे. १९१७ च्या कॅनन कायद्यात धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नाव दिले जाईल हे पाहावे, पालकांनी ऐकले नाही तर संताचे नाव जोडावे, असे होते. १९८३ च्या कायद्यात ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नको, एवढेच राहिले. पूर्वेला डोंगराकडे गेले की वारली पाडे लागतात आणि सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी जन्मवारावरून ठेवलेली नावे जुन्या पिढीत ऐकू येतात. उत्तर कोकणातल्या कुळांच्या आणि गोत्रांच्या याद्या महिकावतीच्या बखरीत आहेत, ती वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. १८६७ पासून विरारहून मुंबईकडे गाडी जाऊ लागली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत तिने आणलेल्या माणसांबरोबर कोकणातली, घाटावरची, गुजरातची, उत्तरेची नावे इथे आली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एका छोट्या जागेत इतक्या नामपरंपरा शेजारी शेजारी नांदताना क्वचितच मिळतात.

लोकप्रियता या शब्दाविषयी थोडे सावध असावे. नाव प्रसिद्ध माणसामुळे पसरते, अशी सर्वांची समजूत असते. सचिनचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते खरोखर सुंदर आहे. बंगालीत शचीन्द्र, म्हणजे शचीचा इंद्र. त्याचे लघुरूप शचीन. संगीतकार शचीन देव बर्मन मुंबईत आले, हिंदी-मराठीत त्यांचे नाव सचिन झाले, आणि त्यांच्यावरून रमेश तेंडुलकरांनी १९७३ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव ठेवले. त्या मुलाने बॅट हाती घेण्याआधीच महाराष्ट्रात सचिन नावाची मुले होती, हे मात्र विसरले जाते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी २००० सालच्या 'अ मॅटर ऑफ टेस्ट' या पुस्तकात हेच दाखवले: प्रसिद्ध व्यक्ती पुष्कळदा आधीच वर चढू लागलेल्या नावाला धक्का देते, नावांची चाल त्यांच्या नादातून, आधीच्या नावांपासून किंचित वेगळे होण्याच्या ओढीतून ठरते. स्वरा, ईरा, मीरा, तारा एका काळात एकत्र का येतात, याचे उत्तर कुणा एका नटीत नाही. नाटक-सिनेमाचा वाटा मात्र मी नाकारणार नाही. लता मंगेशकरांचे पाळण्यातले नाव हेमा. वडिलांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून त्या लता झाल्या. त्यानंतर किती घरांत लता आल्या हे मोजण्याचे साधन आपल्याकडे असते तर!

साधनांची अडचण खरी आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खाते १८८० पासूनच्या बाळांच्या नावांचे आकडे प्रसिद्ध करते; एका वर्षात पाचांपेक्षा कमी बाळांना दिलेले नाव तेवढे वगळते. आपल्याकडे अशी वार्षिक यादी निघत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार बाळाचा जन्म नावाशिवायही नोंदता येतो. नाव बारा महिन्यांपर्यंत शुल्काविना आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते, त्यामुळे पुष्कळ जुन्या नोंदींत नावाचा रकाना मोकळाच राहिला. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला स्थापन झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीची दप्तरे नगरपरिषदांची, ग्रामपंचायतींची, ठाणे जिल्ह्याची. म्हणून अभ्यासकाला आडवाटेने जावे लागते. शाळेचे जनरल रजिस्टर, चर्चची बाप्तिस्म्याची वही, मतदारयादी, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, क्रिकेट स्पर्धेची पत्रके, कपाटात राहिलेल्या लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेत खाली चिमुकल्यांच्या नावाने आग्रहाचे निमंत्रण असते. चाळीस वर्षांच्या पत्रिका जमवल्या तर नुसत्या त्या ओळींवरून बालनामांचा आलेख काढता येईल. राज्याच्या राजपत्रात नावबदलाच्या जाहिराती छापून येतात, त्यांवरून लोकांनी कोणती नावे टाकली ते कळते. ठेवलेल्या नावांइतकीच टाकलेली नावे बोलकी असतात.

यांतल्या कुठल्याही कागदात जे सापडत नाही, ते बायकांचे जन्मनाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहायचे आणि आदल्या दिवशीपर्यंतची मुलगी कागदावरून नाहीशी व्हायची. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका होत्या हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी स्वतः लिहिले. न लिहिणाऱ्या लाखो जणींचे पहिले नाव त्यांच्या भावंडांबरोबर संपले. ही प्रथा आता ओसरली आहे. दुसरीकडे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने नावाची नवी रचना ठरवली: बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. चंदनसारमध्ये तेव्हापासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर नावातच आईचे नाव असेल. गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र ही बिरुदे लावणाऱ्या सातवाहनांच्या प्रदेशात हे घडले याचा मला मनापासून आनंद आहे, जरी त्या राजांनी लावले ते आईच्या गोत्राचे नाव होते आणि आजच्या दाखल्यावर येणार आहे ते तिचे स्वतःचे. पण कोणते स्वतःचे? जिचे नाव लग्नात बदलले गेले तिने कोणते सांगावे, हा प्रश्न अजून काही घरांत उभा राहणार आहे, आणि त्याची उत्तरे टिपून ठेवायला हवीत.

तेव्हा सुरुवात करणाऱ्याने एक साधी वही करावी. नाव, जन्मसाल, जन्मगाव. नाव कुणी सुचवले आणि का. नावरस नाव वेगळे असल्यास ते. घरात हाक कशाने मारतात. रोमन लिपीत कसे लिहितात. शाळेत घालताना काही बदल झाला का. अर्थ विचारायचा तो शेवटी, आणि सांगणाऱ्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत उतरवायचा, कोश पाहून दुरुस्त करायचा नाही. परवानगीशिवाय कुणाचे पूर्ण नाव प्रसिद्ध करायचे नाही. जातीवरून लादलेल्या नावांच्या बाबतीत तर माहिती देणाऱ्याने नको म्हटले की तिथेच थांबायचे. एका इमारतीपासून आरंभ केला तरी चालेल. एका मजल्यावरच्या चार घरांतून तीन पिढ्यांची चाळीसेक नावे सहज मिळतात आणि तेवढ्यातही पिढ्यांचे थर दिसू लागतात. फक्त क्रम लक्षात ठेवावा. ओवी आणि आरव अजून शाळेत आहेत, त्यांना पुढे कधीही विचारता येईल. घरातल्या ऐंशी वर्षांच्या बाईचे माहेरचे नाव आज संध्याकाळी विचारून घ्यावे.